पाठीवर साडेनऊ किलो

आपत्तीत मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावर एक रकाना होता : ‘आपल्या बाबतीत काही अघटित घडल्यास कोणास कळवावे?’ तोपर्यंतचं सगळं मी झरझर भरलं होतं. वय ४२, रक्तगट, पोहता येतं का (येतं, पण तलावात), गाडी चालवता येते का, सलग किती दिवसांची रजा मिळू शकते. या रकान्यापाशी पेन अडलं. आईचं नाव घालावं तर ती आधी घाबरणार आणि मग ऐकणार. लेक १९ वर्षांची. शेवटी धाकट्या भावाचं नाव आणि नंबर लिहिला आणि त्याला काहीही न सांगता फॉर्म देऊन मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. “ताई, कोणा बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, तुमच्या बहिणीला काही झालं तर आम्ही तुम्हाला कळवणार आहोत, तुम्हाला कल्पना आहे ना? मला नक्की कसली कल्पना असायला हवी होती?”

त्या रात्री घरात जे बोलणं झालं ते फॉर्म भरण्याआधी व्हायला हवं होतं. आपत्तीत मदतीला जायचं हे मी एकटीनेच ठरवून टाकलं होतं, आणि मागे राहणाऱ्यांनाही त्यासाठी तयार व्हावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई एकच वाक्य बोलली, “तुला कोणी बोलावलंय का?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मुलाखत घ्यायला एक निवृत्त अग्निशमन अधिकारी होते, त्यांना सगळे सर म्हणत, आणि एक परिचारिका होत्या, त्या सगळ्यांच्या ताई. सरांनी विचारलं, का यायचंय? मी म्हटलं, लोकांना मदत करायची आहे. त्यांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. मग म्हणाले, “तिथे नेऊन तुम्हाला दहा दिवस नुसती खोकी मोजायला बसवलं तर?”

“चालेल की,” मी म्हटलं.

खोटं बोलले. मी हिशेबाच्या कामातली बाई. वर्षभर मोजतच असते. माझ्या डोळ्यांसमोर नारिंगी बोट होती, दोर होता, छतावर अडकलेलं कुणीतरी होतं आणि त्याच्याकडे गेलेला माझा हात होता. हे चित्र मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सरांना ते दिसलं असावं, कारण पुढचा प्रश्न पोहण्याबद्दलच आला. तलावात पोहणाऱ्याला पुराच्या पाण्यात काहीच येत नसतं, हे त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितलं. वीतभरापेक्षाही कमी, म्हणजे १५ सेंटिमीटर वाहतं पाणी उभ्या माणसाचे पाय काढून घेऊ शकतं. ६० सेंटिमीटर असेल तर बहुतेक गाड्या वाहून जातात.

ताईंनी विचारलं, गेल्या वर्षभरात घरात कुणी गेलंय का? वडील जाऊन सात महिने झाले होते. झोप कशी आहे, रडू येतं का, कामात लक्ष लागतं का, सगळं विचारलं. मला राग आला. हे काय विचारणं झालं? त्या म्हणाल्या, प्रशिक्षण आत्ता घ्या, पण वर्ष होईपर्यंत तुमचं नाव रवानगीच्या यादीत घालणार नाही. सगळीकडे हा नियम असतो असं नाही. त्यांच्याकडे होता, आणि घरी येताना बसमध्ये मला पहिल्यांदा असं वाटून गेलं की बोटीतून मी ज्याच्याकडे हात पुढे करत होते तो माणूस बहुधा माझे वडीलच होते.

प्रशिक्षण सहा शनिवार-रविवारचं. पहिल्या सकाळी सरांनी फळ्यावर १९८५ लिहिलं. त्या वर्षीच्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात सामान्य लोक, कुणी सांगायची वाट न बघता, ढिगाऱ्यांवर धावले. ८०० च्या आसपास माणसं त्यांनी जिवंत बाहेर काढली. आणि ती काढताना त्यांच्यातलेच सुमारे १०० जण मेले. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि दिवसभर पुसले नाहीत. बाकीचं सगळं उरलेल्या कोपऱ्यात लिहीत राहिले.

प्रथमोपचाराबद्दल फार लिहीत नाही; तो वर्ग ज्याने त्याने खरंच करावा, वाचून येत नाही. छातीवर दाब देताना मिनिटाला १०० ते १२० ची लय, निदान पाच सेंटिमीटर खोल, तीस दाब मग दोन श्वास. दोन मिनिटांत माझे खांदे भरून आले आणि तो रबरी पुतळा काही उठला नाही. वॉकी-टॉकीवर ‘ओव्हर अँड आउट’ म्हणणाऱ्याला सर हसायचे : ओव्हर म्हणजे आता तू बोल, आउट म्हणजे माझं संपलं. दोन्ही एकदम कसं?

शिट्टीचे इशारे मात्र माझ्या कायमचे लक्षात राहिले, आणि त्याला कारण आहे. तीन छोट्या शिट्ट्या, पुन्हा पुन्हा : सगळं टाकून बाहेर पळा. एक लांब आणि एक छोटी : काम पुन्हा सुरू. आणि नुसती एक लांब, तीन सेकंदांची : थांबा आणि गप्प बसा, कारण ढिगाऱ्याखालून आवाज येतोय का ते ऐकायचंय. सरावाला मैदानात फरश्यांचे तुकडे आणि तुळया रचल्या होत्या, आत कुठेतरी एक स्वयंसेवक दडून नखाने पत्रा खरवडत होता. लांब शिट्टी झाली. ४० माणसं जागच्या जागी थिजली. कुणी घमेलं अर्धवट उचलून धरलेलं, कुणी एका पायावर. इतकी शांतता मी एवढ्या माणसांत कधी अनुभवली नव्हती. आणि त्या शांततेत माझ्या खिशातला फोन वाजला. नाचाचं गाणं, लेकीने लावून दिलेलं. कोणी काही बोललं नाही, हे बोलण्यापेक्षा वाईट होतं. तेव्हापासून माझ्या फोनला आवाज नाही.

चौथ्या आठवड्यात पाणी आलं, आणि इथे मी खरी रमले. एका पिंपात मुद्दाम चिखल कालवलेला. आधी तुरटी फिरवून तो खाली बसवायचा, कारण गढूळ पाणी क्लोरीन नुसतं खाऊन टाकतं, जंतूंसाठी काही उरत नाही. वरचं निवळलेलं पाणी चार बादल्यांत सारखं ओतायचं. क्लोरीनचं एक टक्क्याचं द्रावण पहिलीत थोडं, दुसरीत जरा जास्त, असं चढत नेऊन ढवळायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. मग प्रत्येक बादलीतलं पाणी बोटाएवढ्या नळीत घेऊन त्यात एक पांढरी गोळी टाकायची. गोळी विरघळते आणि पाणी गुलाबी होतं. नळी उजेडात रंगपट्टीशेजारी धरून कुठल्या गुलाबीशी जुळतं ते बघायचं. माझ्या पहिल्या बादलीचं पाणी बिनरंगीच राहिलं, म्हणजे सगळं क्लोरीन आतल्या घाणीतच संपलेलं. दुसरीत फिकट, गुलाबी म्हणावं की नाही असं. तिसरीत लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या जवळपास, म्हणजे हवं तेवढं. चौथीत भडक, ते पाणी लोक वासामुळेच ओतून देतील आणि पुन्हा ओढ्यावर जातील, ताई म्हणाल्या. आता तिसऱ्या बादलीच्या प्रमाणाने दहा हजार लिटरच्या टाकीला द्रावण किती? मी तोंडी सांगितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. चार आठवड्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं.

मग आकड्यांचीच रांग लागली. मदत करणाऱ्या संस्थांनी १९९७ मध्ये एकत्र येऊन किमान मानकं ठरवायला घेतली, ‘स्फिअर’ म्हणून ती ओळखली जातात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. एका नळामागे २५० पेक्षा जास्त माणसं नकोत. पाण्याच्या रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहायला लागू नये. २० माणसांमागे एक संडास. निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर. ही शेवटची जागा सरांनी चिकटपट्टीने जमिनीवर आखली आणि म्हणाले, आज दिवसभर तुमचं घर हेच. सामान, डबा, चपला, सगळं आत. तासाभरात मी शेजारच्या माणसाच्या पायाकडे, माझ्या पट्टीच्या आत आलेल्या त्याच्या अंगठ्याकडे, रागाने बघायला लागले होते. तो स्वभावाने अतिशय सज्जन माणूस आहे.

दुःखात असलेल्या माणसाशी बोलायचा वर्ग ताईंचा. बघा, ऐका, जोडून द्या : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतली ही तीन पावलं. सुरक्षित आहे का ते बघायचं, तो बोलला तर ऐकायचं, आणि त्याला जे हवंय त्याच्याशी, म्हणजे पाणी, औषध, हरवलेला नातेवाईक, यांच्याशी गाठ घालून द्यायची. ‘काय झालं ते सांगा’ म्हणून खोदायचं नाही. ‘मी समजू शकते’ म्हणायचं नाही. ‘देवाची इच्छा’ तर नाहीच. जोडीने सराव होता. माझ्यासमोर बसलेली मुलगी घर वाहून गेलेली बाई झाली होती आणि नुसती गप्प बसली. मी दीड मिनिटात तिला तीन सल्ले दिले. ताई मागून म्हणाल्या, “पाणी तरी विचारलंत का?”

शेवटच्या रविवारी कामं वाटली. बोटीला चार जण. शोधपथकाच्या मदतीला पाच. माझ्या नावापुढे : गोदाम व नोंदणी, गरजेनुसार पाणी. खोकीच. माझा चेहरा पडला असणार, कारण सरांनी सगळ्यांसमोर आर्मेनियाची गोष्ट काढली. १९८८ चा भूकंप. जगभरातून ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं. त्यातलं लगेच वापरता येण्याजोगं साधारण ३० टक्के. बाकी कशावर अनोळखी भाषेतली लेबलं, कशाची मुदत उलटलेली. नुसतं काय काय आलंय ते लावायला ५० माणसांना सहा महिने लागले. “औषध होतं,” सर म्हणाले, “सापडत नव्हतं.” पटलं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

डॉक्टरांकडे मी निर्धास्त गेले आणि रक्तदाब निघाला १५२/९६. गोळी सुरू झाली, महिन्याने पुन्हा तपासणी. तिथे गोळी संपली तर, असं विचारल्यावर डॉक्टरांनी जायच्या दिवसांपेक्षा दुप्पट दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, दोन वेगळ्या खिशांत ठेवायला सांगून. धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षं होऊन गेली होती, ते घेतलं. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए ची लसही. लस टोचली की झालं असं नसतं, अंगात प्रतिकार तयार व्हायला दोनेक आठवडे जातात; म्हणून ‘बोलावतील तेव्हा बघू’ म्हणणाऱ्यांचं इथेच अडतं.

आणि मग बॅग. या बॅगेसाठी मी इतकी खरेदी केली होती की लेक म्हणाली, तू संकटात जात्येस की सहलीला? पाहणीच्या दिवशी प्रत्येकाने आपली बॅग सतरंजीवर उलटी करायची होती. आधी वजन झालं : १७ किलो. मग ती पाठीवर घेऊन पाच किलोमीटर चालायचं, तीन मजले चढायचं आणि छातीएवढ्या उंच ट्रकच्या फळीवर एकटीने टाकायची. चालले. चढले. टाकता आली नाही. दुसऱ्या एकाने हात लावला तर सर म्हणाले, “हे दोन हात कुणाचे वापरलेत ते लक्षात ठेवा.”

सतरंजीवर माझा संसार पसरलेला. सर एकेक वस्तू उचलत होते. तीन जीन्स : एकदा भिजल्या की दोन दिवस वाळत नाहीत, बाहेर. मोठी बॅटरी : एक हात अडकतो, बाहेर, तिच्याजागी कपाळावरचा दिवा. चार पुस्तकं, बाहेर. पोर्सिलेनचा मग, बाहेर. मग त्यांच्या हाताला एक छोटी कुऱ्हाड लागली, चामड्याच्या म्यानात, नवीकोरी. त्यांनी ती फिरवून बघितली.

“ही कुणासाठी?”

मला खरंच सांगता येईना.

नसलेल्या गोष्टींची यादी त्याहून लाजिरवाणी. माझ्या चष्म्याचा नंबर उणे पाच, आणि दुसरा चष्मा नव्हता. पायांना लावायची पावडर नव्हती. दिवसभर ओल्या बुटात राहिलेले पाय तिसऱ्या दिवशी माणसाला झोपवतात. कानात घालायचे बोळे नव्हते, आणि एका सभागृहात ४० दमलेली माणसं झोपली की काय आवाज होतो ते आम्ही सराव शिबिरात ऐकलं होतं. सुटे पैसे नव्हते. वीज नाही तिथे कार्ड चालत नाही. ओळखपत्राच्या प्रती, रक्तगट आणि औषधांची चिठ्ठी, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत, तेही नव्हतं. तीन दिवस कुणाकडेही काही मागावं लागू नये एवढं स्वतःचं खाणं आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, हे होतं, तेवढीच शाबासकी. चौथ्या फेरीला काटा साडेनऊवर आला आणि बॅग ट्रकवर गेली, फळीला लागून खांदा सोलवटून घेऊन, पण गेली. कुऱ्हाड मी भावाला देऊन टाकली. त्याने ती कुठे ठेवली, विचारलेलं नाही.

घरची तयारी कुणी शिकवत नाही, ती आम्ही आमची केली. कपाटाच्या दारावर एक कागद : बिलांच्या तारखा, आईच्या औषधांच्या वेळा, विम्याची फाइल कुठे आहे. मृत्युपत्र केलं, दोन पानी. ते करताना हसू येत होतं, सही करताना आलं नाही. कार्यालयात रजेचं बोलून ठेवलं आणि माझं काम बघणारीला महिनाअखेरचे हिशेब दोनदा करायला लावले. लेकीशी ठरलं : मी रोज रात्री एक शब्द पाठवेन, ‘ठीक’. नाही आला तर २४ तास गृहीत धरायचं की टॉवर पडलाय. त्यानंतर ताईंचा नंबर. आईला हा २४ तासांचा हिशेब मान्य नव्हता, अजूनही नाही.

वर्ष भरलं, नाव यादीत लागलं, आणि पहिला निरोप आला : एका नदीची पातळी चढतेय, पुढच्या सूचनेपर्यंत तयार राहा. बॅग दाराशी आली. मी ३६ तास फोनकडे बघत बसले. दर तासाला नदीचा आकडा उघडायचा. चढला की पोटात काहीतरी हलायचं. त्याला मी तेव्हा काळजी म्हणत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संदेश : ‘पाणी ओसरत आहे. स्थानिक यंत्रणा पुरेशी आहे. सर्वांनी मोकळे व्हावे. आभार.’

मी बॅग उचलून परत आत नेली. लेक म्हणाली, “म्हणजे चांगलंच झालं ना?” हो म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन बसले. हजारो लोकांच्या घरात पाणी शिरलं नव्हतं, आणि मला वाईट वाटत होतं. असं वाटणाऱ्या बाईला तिथे पाठवावं का, हा प्रश्न मी रात्री साडेदहाला फोन करून ताईंना विचारला.

“सगळ्यांना होतं,” त्या म्हणाल्या. “बहुतेक जण सांगत नाहीत.” थोडं थांबून म्हणाल्या, “बॅगेतलं खाणं आहे ना, त्याच्या तारखा बघून घ्या. दोन महिन्यांत संपणारं असेल तर बदला.”

मी लगेच बघितल्या. दोन पाकिटं बदलायची होती.

पुढचे पाच महिने काही आलं नाही. दर पहिल्या रविवारी बॅग उघडायची, दिव्याचे सेल तपासायचे, तारखा बघायच्या, भरायची, जिना चढून उतरायची. शेजारच्यांना आता त्याचं काही वाटत नाही. त्या पाच महिन्यांत नारिंगी बोट केव्हा दिसेनाशी झाली ते मला सांगता येणार नाही.

मग एका रात्री २ वाजून १० मिनिटांनी फोन थरथरला. पूर. पाचला गाडी, दहा दिवस, येता का? हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं असतं, कारण पुढच्याला फोन लावायचा असतो. हो म्हटलं. आई उठून बसली होती. तिने कपाटावरचा कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “तुझा दुसरा चष्मा घेतलास?”

गाडीत सर म्हणाले, तुमचं पहिलं काम झोपायचं. बोळे घातले आणि खरंच झोपले. ११ तासांनी उतरलो तेव्हा संध्याकाळ होत होती. बोटीचे चौघे वेगळ्या गाडीत बसले. मी त्यांच्याकडे बघितलं, नाही असं नाही. नोंदणीच्या टेबलावर नाव, वेळ, रक्तगट लिहिला, दंडावर पट्टी चिकटवून घेतली आणि आम्हाला एका शाळेच्या सभागृहात नेलं. दारापासून मंचापर्यंत खोकी. काही ओली, काही फुटलेली, एकावर एक छतापर्यंत. आत गेल्या गेल्या कुबट वास. बाहेर एक तरुण डॉक्टर दारात उभं राहून विचारत होता, मुलांसाठी क्षारसंजीवनीची पाकिटं आलीत असं कळलंय, कुठे आहेत? तिथल्या दमलेल्या मुलाने सगळ्या खोक्यांवरून नुसता हात फिरवला.

मी बॅग खाली ठेवली, कपाळावरचा दिवा लावला आणि मुलाकडे वही मागितली. वही नव्हती. माझ्याकडे होती.